बिनतारी घरातली वायर

आमच्या घरात राउटरला एकच औषध ठाऊक होतं: बंद करून चालू करणं. नेट रेंगाळलं की कोणीतरी उठायचं, मागचं बटण दाबायचं, जरा थांबून पुन्हा चालू करायचं. बहुतेकदा गुण यायचा, त्यामुळे दुखणं काय आहे याच्या खोलात कोणी गेलं नाही. नवा घेऊया म्हटल्यावर आई म्हणाली, "सगळे दिवे लागतायत की. काय झालंय त्याला?"

प्रश्न बिनतोड होता. राउटर म्हातारा झालेला दिसतच नाही. कुरकुरत नाही, गळत नाही, हिरवे दिवे लुकलुकत राहतात. फक्त एके दिवशी कंपनी त्या मॉडेलसाठी अपडेट काढायचं थांबवते, मग सुरक्षेतली भोकं बुजत नाहीत, आणि हे आपल्याला कोणी येऊन सांगत नाही. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचं घातक सॉफ्टवेअर ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत शिरल्याचं उघड झालं. त्यातले बहुतेक घरांतले आणि छोट्या ऑफिसांतले राउटर. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने लोकांना काय सांगितलं? राउटर बंद करून चालू करा! आमच्या औषधाला एवढी मोठी पावती दुसरी कुठली मिळणार. मेख अशी की, बंद केल्यावर त्या सॉफ्टवेअरचे पुढचे टप्पे पुसले जायचे, पहिला मात्र आत तसाच बसून राहायचा. खरा इलाज म्हणजे राउटर मूळ स्थितीला नेऊन त्यात नवं अपडेट टाकणं. अपडेटच येत नसेल तर राउटरच नवा हवा. आईला हे पटलं. मला वाटतं, वेगापेक्षा हे कारण कितीतरी भारी आहे, पण खोक्यावर ते कोणी छापत नाही.

खोक्यावर छापतात ते आकडे. वायफायच्या पिढ्यांना असलेल्या ८०२.११ एन, एसी, एएक्स अशा अक्षरांच्या गुंत्यातून वायफाय अलायन्स या प्रमाणपत्रं देणाऱ्या संघटनेने २०१८ मध्ये सुटका केली आणि वायफाय ४, ५, ६ अशी सरळ नावं दिली. जानेवारी २०२४ पासून वायफाय ७ची प्रमाणपत्रंही मिळू लागली. एवढं समजण्यासारखं. पण त्यापुढे 'एएक्स३०००' असं लिहिलेलं असतं, आणि ते ३००० म्हणजे राउटरच्या दोन पट्ट्यांवरच्या सेकंदाच्या वेगांची, २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ मेगाबिट यांची चक्क बेरीज. वर आणखी थोडे पदरचे. वायफाय ६पर्यंतचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, म्हणजे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही.

अँटेनांचंही तसंच. आठ अँटेना असलेला राउटर रुबाबदार दिसतो, मान्य. पण किती ताकदीने बोलायचं याला कायद्याची मर्यादा आहे, आणि मुख्य म्हणजे फोनला उत्तर द्यायचं असतं. त्याची अँटेना चिमुकली, बॅटरी जपायची. फोनवरचं वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतं ते राउटरचं बोलणं ऐकू येतंय म्हणून. आपलं बोलणं तिकडे पोचतंय का, हे ते चिन्ह सांगत नाही. 'रेंज फुल आहे पण काही उघडत नाही' या तक्रारीचं एक उत्तर इथे आहे.

म्हणून मेश. एकाच्या जागी दोन-तीन डबे, सगळ्यांचं नाव आणि पासवर्ड एक. दुसरा डबा कुठे ठेवायचा यावर आमच्याकडे बरीच खलबतं झाली. जिथे नेट येत नाही त्या खोलीत, असं सगळ्यांचं एकमत होतं, आणि ते ऐकायला अगदी तर्काला धरून वाटतं. पण जिथे फोनला काही मिळत नाही तिथे डब्याला तरी काय मिळणार? तो निम्म्या वाटेवर हवा, जिथे सिग्नल अजून शाबूत आहे. त्यातही, साध्या मेशमध्ये डबा ज्या रेडिओवर (सिग्नल देणाऱ्या-घेणाऱ्या भागावर) पहिल्या डब्याचं ऐकतो त्याच रेडिओवर फोनशी बोलतो. दोन्ही एकदम जमत नाही, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. डब्या-डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असलेले महागडे संच मिळतात. आणि एक जुनाट उपाय आहे: दोघांमध्ये वायर टाकणे.

आम्ही वायर टाकली. साधी कॅट ५ई जातीची नेटवर्कची वायर, जी १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट, बिनतक्रार नेते. फक्त तिच्यातल्या आठही तारा नीट जोडलेल्या हव्यात. एखादी जोडी सुटली तरी वायर बंद पडत नाही, बहुतेक वेळा गुपचूप १०० मेगाबिटवर येऊन बसते आणि दोष नव्या राउटरच्या माथी जातो. आधी वायर तपासावी, मग दुकानदाराशी भांडावं.

नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, त्यामुळे वायफायवर चालणारे दिवे, टीव्ही, फोन सगळे आपोआप आत आले. प्रिंटर मात्र आला नाही, कारण राउटरवर सुरक्षेचा प्रकार फक्त नव्या डब्ल्यूपीए३ वर होता आणि प्रिंटरची मजल जुन्या डब्ल्यूपीए२ पर्यंतच. दोन्ही चालतील अशी सोय केली तेव्हा कुठे साहेब जोडले गेले. अशा जुन्या उपकरणांचा भुर्दंड सगळ्यांना पडतो. एका चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातल्या एका वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं हा वायफायचा मूळ नियम आहे. जो तो आधी कानोसा घेतो आणि शांत असेल तरच बोलतो. हळू बोलणाऱ्याला तेवढाच मजकूर सांगायला जास्त वेळ लागतो आणि बाकीचे ताटकळतात. म्हणून टीव्ही आणि कॉम्प्युटर यांनाही वायर दिली. ज्यांना जागचं हलायचंच नाही त्यांनी हवा कशाला अडवायची?

फोनचा मात्र स्वभाव गेला नाही. कोणत्या डब्याला धरायचं हे फोन ठरवतो, राउटर फार तर सुचवू शकतो. हॉलमधून आतल्या खोलीत आलेला फोन शेजारचा डबा सोडून हॉलमधल्यालाच चिकटून राहतो. हॉलमधल्या डब्याची ताकद सेटिंगमध्ये जाऊन कमी केली, तेव्हा थोडा फरक पडला. विकत घेतलेली ताकद कमी करण्यात एक वेगळंच समाधान असतं.

घरच्यांना वेग वाढल्याचं फारसं जाणवलेलं नाही. जाणवली ती भिंतीच्या कडेने दारावरून गेलेली वायर. ती झाकायला पट्टी लावायची की कपाट सरकवायचं, यावर दोन तट पडले आहेत. कपाटवाल्यांचं बहुमत आहे. पण कपाट लोखंडी आहे आणि ते सरकलं की नेमकं दुसऱ्या डब्याच्या समोर येतं, हे मी त्यांना अजून सांगायचं आहे.