महासंचालकाचा खांदा: बस्टच्या मालिकेची प्रगती

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की एक खांदा, म्हणजे हुद्द्याच्या चिन्हांसकट खांद्यावरची पट्टी, मनासारखा जमला की साचा करायचा, दहा प्रती ओतायच्या आणि पाचही बस्टवर, म्हणजे छोट्या अर्धपुतळ्यांवर, चिकटवून मोकळं व्हायचं. साचा झाला, प्रतीही ओतल्या. दहापैकी तीन कामाच्या निघाल्या.

मालिकेचा विषय आधी पुन्हा सांगतो, कारण घोळ तिथूनच सुरू झाला. एकास दहा प्रमाणातले पाच अर्धपुतळे, प्रत्येक एकेका निमलष्करी दलाच्या प्रमुखाचा. चेहरे कुणा खऱ्या व्यक्तीचे नाहीत, मला रस आहे तो खांद्यात. (सरकारी भाषेत २०११ पासून यांना ‘केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं’ म्हणतात आणि ‘निमलष्करी’ हा शब्द आसाम रायफल्सपुरता उरलाय. आपण मात्र सगळ्यांना निमलष्करीच म्हणत आलोय, इथेही तसंच म्हणतो.) दलाचा प्रमुख म्हणजे महासंचालक, म्हणजे खांद्यावर एकमेकींना छेदणारी तलवार आणि बॅटन, वर अशोकस्तंभाची राजमुद्रा. पाच दलं, पाच महासंचालक (डीजी), एकच साचा. इतकं सरळ गणित होतं.

ते कोसळलं मध्य प्रदेशातल्या नीमचवर. राखीव पोलीस दलाचा जन्म नीमचचा, २७ जुलै १९३९, तेव्हाचं नाव क्राउन रिप्रेझेंटेटिव्हज पोलीस. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने ते केंद्रीय राखीव पोलीस दल झालं. माझा पहिला बस्ट याच १९४९ चा. तपशील पक्का करावा म्हणून कायदा वाचायला घेतला, तर चौथ्या कलमात सरकार कुणाची नेमणूक करणार? एक कमांडंट, मग असिस्टंट कमांडंट आणि कंपनी ऑफिसर. डीजीचं नावच नाही! आठव्या कलमात मुख्यालय नीमच किंवा सरकार सांगेल ते ठिकाण. म्हणजे एका गावात मावणारं दल आणि त्याला शोभेल एवढाच प्रमुख. या दलाला पहिला महासंचालक मिळाला १९६८ मध्ये, व्ही. जी. कानेटकर. जन्मानंतर एकोणतीस वर्षांनी.

मग बाकीची दलं तपासणं भागच होतं. इंडो-तिबेट सीमा पोलीस २४ ऑक्टोबर १९६२ ला उभं राहिलं, चीनशी युद्ध पेटलेलं असताना, चार बटालियन घेऊन. त्याचे पहिले प्रमुख बलबीर सिंह महानिरीक्षक होते, म्हणजे आयजी, महासंचालकाच्या खालचा हुद्दा. औद्योगिक सुरक्षा दल माझ्या पाचात नाही, पण त्याचीही तीच गत: दल १९६९ चं, कायद्यात प्रमुख आयजी, आणि तिथे महासंचालक आला तो १९८३ च्या दुरुस्तीत.

अपवाद सीमा सुरक्षा दलाचा. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात सरदार पोस्टवर हल्ला झाला. तोवर पाकिस्तानची सीमा त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळत होते आणि तेवढं पुरणार नाही हे त्या वर्षी उघड झालं. १ डिसेंबर १९६५ ला पंचवीस बटालियननिशी नवं दल उभं राहिलं आणि प्रमुख म्हणून आले के. एफ. रुस्तमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. पद पहिल्या दिवसापासून महासंचालक. १९६८ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात तर दलाची कमान महासंचालकाकडे राहील, असं नाव घेऊन लिहिलंय. १९४९ आणि १९६८ चे हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचा, मजा येते.

इथेच का, यावर माझा अंदाज असा: त्या काळी राज्याच्या पोलीस दलाचा प्रमुख आयजीच असायचा. महाराष्ट्रातही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तसंच होतं. रुस्तमजी स्वतः मध्य प्रदेशचे आयजी होते. अनेक राज्यांच्या तुकड्या एका हाताखाली आणायच्या आणि त्या राज्यांच्या आयजींशी रोज बोलायचं, तर बोलणारा एक पायरी वर हवा. पुढे सीमेच्या एकेका फ्रंटियरवरच, म्हणजे विभागावरच, आयजी बसू लागले. मग प्रमुख आयजी ठेवून चाललंच नसतं.

तेव्हा हिशेब असा. नीमचचा कमांडंट आणि बासष्टचा आयजी यांना राजमुद्रा-तलवारीचा खांदा लागू नाही, चार प्रती बाद. उरल्या सहा. त्यातल्या तीन बाद होण्याचं कारण सांगायला लाज वाटते. तलवार-बॅटनची जोडी आरशातल्या प्रतिमेसारखी असते, डावा खांदा वेगळा आणि उजवा वेगळा. मी एकाच खांद्याचा साचा केला होता. ज्यांच्याकडे खऱ्या बॅजची जोडी आहे त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय.

डावा खांदा आता नव्याने घडवतोय. पट्टी तेरा मिलिमीटर लांब, पाच रुंद. तलवारीसाठी विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार काढली, लोखंडी ठोकळ्यावर छोट्या हातोडीने चपटी केली आणि चिमट्याने किंचित बाक दिला. बॅटनला तीच तार न ठोकता. बाक देताना दोन तारा तुटल्या, तिसरी आधी मेणबत्तीवर तापवून घेतली तेव्हा वळली. राजमुद्रेला पुट्टीचा बाजरीएवढा गोळा. सिंह कोरायच्या भानगडीत पडू नका. सुईने तीन उभ्या खाचा, खाली एक आडवी, पुट्टी अर्धवट वाळल्यावर. प्रायमर आणि काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) बसला की डोळा उरलेले सिंह स्वतःच बघतो. आयजीचा खांदा सोपा, राजमुद्रेच्या जागी एक पाचकोनी तारा.

रंगाबद्दल एक. पाचवा बस्ट आसाम रायफल्सचा. तिथला महासंचालक पोलीस नाही, लष्कराचा लेफ्टनंट जनरल. खांद्यावरची चिन्हं तीच, राजमुद्रा आणि तलवार-बॅटन, पण धातू सोनेरी आणि कॉलरवर लाल पट्टी, तिच्यावर तीन तारे. आयपीएस डीजीचा धातू रुपेरी, कॉलरची पट्टी गडद निळी, तीवर ओकच्या पानांची रुपेरी नक्षी. एकाच साच्यातले दोन खांदे शेजारी ठेवले आणि एकावर चांदी, दुसऱ्यावर पितळ ड्राय ब्रश केलं, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने नुसत्या उंचवट्यांवर फिरवलं. मालिकेतला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच. चांदीखाली काळा बेस द्या, करड्यावर ती मळकी दिसते.

एका मित्राने विचारलं, अतिरिक्त महासंचालक का नाही केलास? केला तरी ओळखणार कसा? एडीजी आणि डीजी यांची खांद्यावरची चिन्हं सारखीच. फरक पगाराच्या स्तरात आणि खुर्चीत, आणि खुर्ची मी घडवत नाही.

नीमचचा बस्ट तूर्त खांद्याविना उभा आहे. डाव्या खांद्याचा साचा रविवारी ओतेन. सिलिकॉन दीडच कप उरलंय, त्यामुळे या वेळी ओतण्याआधी दोन्ही खांदे आरशासमोर धरून बघणार आहे.