तुम्ही विचारलंत म्हणून: गेंद गुलाबी का?

"कासच्या पठारावर गेंद पांढरे असतात, तुमच्या गोधडीत गुलाबी कसे?" हे इतक्यांदा विचारून झालंय की माझी उत्तरं पाठ आहेत. विचारणारा फुलांचा जाणकार वाटला तर 'संध्याकाळचा उजेड आहे तो'. चित्रं काढणारा असेल तर 'शेजारच्या तेरड्याची झाक'. फारच खोदून विचारलं तर नुसतं हसायचं. तिन्ही थापा.

गेंद पांढराच असतो हो. सप्टेंबरात वाटेच्या कडेला उकिडवी बसून मी त्याचे फोटो काढलेत. बारीक काडी, वर शर्टाच्या बटणाएवढा पांढरा गोंडा आणि मागे तेरड्याचा गुलाबी समुद्र. त्या पांढऱ्यासाठीच तर गोधडी शिवायला घेतली. सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा नंतर आला.

गोधडी पाच फूट बाय चार. तेरड्यासाठी राणी रंगाचं नवं रुबिया आणलं. "रंग जाणार नाही ताई," दुकानदार म्हणाला. त्याला दोष देऊन झालाय माझा. पण चिंधी पाण्यात टाकून बघायला पाच मिनिटं लागतात, ती मी दिली नाहीत. आई गोधड्या शिवायची त्या विरलेल्या लुगड्यांच्या. त्यांचा जायचा तो रंग कधीच गेलेला, आटायचं ते कापड आटून झालेलं. नवं कापड आणायचं तर आधी धुवायचं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घाई होती.

प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. शेवटचा धावदोरा रात्री साडेअकराला संपला. आखणी पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने केली होती. त्या खुणा इस्त्रीआधी घालवाव्या लागतात, नाहीतर पक्क्या बसतात. फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारलं. खुणा गेल्या, मी खूश. गोधडीची दुहेरी घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि झोपले. पावसाळी हवा, आत तीन पदर. सकाळपर्यंत वाळणार काय होतं!

सकाळी घडी उलगडली तर तेरडा गेंदांवर उतरलेला. घडीच्या रेषेपाशी गडद, पुढे फिकट होत गेलेला. अकरा गेंद होते, प्रत्येकाच्या गोंड्यावर गाठीच्या टाक्यांची दाटी. त्या दोऱ्यांनी रंग कापडापेक्षा जास्त प्यायला होता. तेव्हाच्या तेव्हा सगळी गोधडी टबभर गार पाण्यात बुडवली असती, पाणी बदलत राहिले असते, तर बराचसा निघाला असता. मी काय केलं? मीठ चोळलं. मग लिंबू. मग, ओल तरी जाईल म्हणून, कडक इस्त्री फिरवली. उरलासुरला रंगही पक्का झाला. तेरड्याचा रंग म्हणे तीन दिवस!

तशीच टांगली. पहिल्याच दिवशी एक बाई बराच वेळ समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा उजेड कसा पकडलात?" मी 'चुकून' म्हणू शकले असते. म्हणाले नाही. तिथून त्या थापा सुरू झाल्या.

आता कोणी म्हणतं, चुकीतूनच कला होते. हे वाक्य ऐकलं की मला इस्त्रीचा वास येतो. दुसरीकडे, कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तिच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुला' लावतात. फुला नसेल तर कवंदी नागडी, असं त्या मानतात. तिथे फूल हुबेहूब असायची गरजच नाही. मग मीच पांढऱ्याचा एवढा हट्ट का धरते? पण मी कवंदी शिवत नव्हते, मला कासचा गेंद हवा होता. हे भांडण रोज होतं, रोज दुसरी बाजू जिंकते.

गेल्या महिन्यात तीन गेंदांवर नवे पांढरे गोल शिवून बघितले. या वेळी कापड दोनदा धुऊन. दोन उसवले, एक राहिलाय, डावीकडे खाली. परवा एक जण आले, सगळी गोधडी बघितली आणि त्याच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा एवढाच पांढरा का?"