एका स्नोपँटसाठी अकरा आठवडे

मी अमेरिकेत, मिनेसोटात पहिलीला शिकवते. आमच्या शाळेचा नियम साधा आहे. अंगात स्नोपँट (नेहमीच्या कपड्यांवरून चढवायची, पाणी न शिरणारी जाड पँट) आणि पायात बर्फातले बूट असतील त्यानेच रिसेसला, म्हणजे मधल्या सुट्टीत, बर्फात उतरायचं, बाकीच्यांनी साफ केलेल्या डांबराच्या पट्ट्यावर थांबायचं. नियम चुकीचा नाही. भिजलेली जीन्स घालून सहा वर्षांचं मूल दुपारभर वर्गात बसलं की काय होतं ते मी पाहिलंय. मांड्या लालभडक होतात, दातावर दात आपटतात आणि लक्ष कशातच राहत नाही. पण गेल्या डिसेंबरात माझ्या वर्गातला एक मुलगा त्या पट्ट्यावर रोज उभा असायचा. बाकीची एकवीस मुलं टेकाडावरून घसरताहेत, आणि हा कॅनव्हासच्या बुटाच्या टोकाने बर्फाची कड कुरतडतोय. वीस मिनिटं. रोज.

त्याच्यासाठी स्नोपँटचा अर्ज केल्यापासून ती मंजूर होऊन येईपर्यंत अकरा आठवडे गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. आपल्याकडच्या बऱ्याच जणी इकडे येऊन शाळांमध्ये मदतनीस, बदली शिक्षिका म्हणून शिरताहेत, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

मी मूळची वाईची. बी.एड. साताऱ्याचं. मिनेसोटात शिकवायचं लायसन्स मिळालं, पहिलीचा वर्ग मिळाला, त्यात सांगण्यासारखं फार नाही. हिवाळ्याबद्दल मात्र कुणीच काही शिकवलेलं नव्हतं. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला त्या दिवशी बावीस मुलांना कपडे चढवायला मला अठरा मिनिटं लागली. रिसेस वीस मिनिटांची. आता सात मिनिटांत होतं, कारण क्रम कधीच बदलत नाही: स्नोपँट, बूट, जॅकेट, टोपी, हातमोजे. हातमोजे सगळ्यात शेवटी, नाहीतर चेन लावता येत नाही आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. बोटं वेगळी असलेले मोजे या वयाला नकोच, मिटन्सच हवेत. जॅकेट जमिनीवर पसरायचं, त्याच्या टोपीची बाजू आपल्या पायाशी, दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि डोक्यावरून मागे उडवायचं. ही युक्ती आमच्या बालवाडीच्या शिक्षिकेने दाखवली. एवढी एक गोष्ट जमली तरी अर्धा हिवाळा सोपा जातो.

अर्जाकडे येते.

शाळेच्या सोशल वर्करने सांगितलं की गरजू मुलांच्या हिवाळी कपड्यांसाठी निधी आहे, डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आमच्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, एका ऑफिसात दोन पानी अर्ज द्यायचा. दोन पानं! मला वाटलं, आठवड्याचं काम. २ डिसेंबरला अर्ज पाठवला. चौथ्या दिवशी परत आला, पालकांची सही नाही म्हणून. बरोबर आहे, चूक माझी. पण त्याचे आईवडील त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेतून आलेले, घरात फक्त स्पॅनिश. अर्ज इंग्रजीत. स्पॅनिश प्रत होती ती आदल्या वर्षीची, आणि आदल्या वर्षीची प्रत त्या ऑफिसला चालत नव्हती. वडील रात्रपाळीला, आई पहाटे कामावर. शेवटी एका सकाळी पावणेसातला शाळेच्या पार्किंगमध्ये भेटायचं ठरलं. अजून अंधार होता. दुभाषी फोनच्या स्पीकरवर, आई गाडीत, मी खिडकीशी, अर्ज माझ्या क्लिपबोर्डवर. तिने सही करायला घेतली तर पेन उठेना. थंडीत बॉलपेनची शाई घट्ट होते. तिने ते दोन्ही तळव्यांत धरून त्यावर फुंकर घातली, कागदाच्या कोपऱ्यात गोल गोल गिरवलं, आणि चौथ्या प्रयत्नात निळी रेघ उमटली. त्या गिरगटलेल्या कोपऱ्यासकट अर्ज मी दुसऱ्यांदा पाठवला. (पेन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. बाहेर कामाला पेन्सिलच बरी, पण सहीला ती चालत नाही.)

दुसऱ्यांदा परत आला. यावेळी उत्पन्नाचा पुरावा हवा होता, म्हणजे सवलतीच्या जेवणाचं पात्रतापत्र. इथेच सगळं रुतून बसलं. मिनेसोटात २०२३ साली कायदा झाला आणि शाळेतला नाश्ता न् जेवण सगळ्याच मुलांना मोफत झालं. फार चांगला कायदा. कुणाच्या ताटाकडे बघून कोण गरीब हे आता ओळखू येत नाही, याचं मला शिक्षिका म्हणून खरंच समाधान आहे. पण जेवण सगळ्यांनाच मिळतं म्हटल्यावर नवीन कुटुंबं तो उत्पन्नाचा फॉर्म भरतच नाहीत. का भरतील? फॉर्म नाही म्हणून पत्र नाही, आणि पत्र नाही म्हणून स्नोपँट नाही. कपड्यांच्या अर्जावरची ती ओळ मात्र तशीच राहिलेली, कुणी काढलीच नाही.

मग तो दुसरा फॉर्म. घरात माणसं किती, कमावणारी किती, कुणाला किती पगार, आठवड्याचा की पंधरवड्याचा. पुन्हा दुभाषी, पुन्हा पहाट. तो भरून दिला आणि नाताळची सुट्टी लागली. ऑफिस बंद. जानेवारीत पात्रतापत्र आलं, ते जोडून तिसऱ्यांदा अर्ज पाठवला. तो परत आला कारण मापाच्या रकान्यात मी ‘वय ७ वर्षे’ लिहिलं होतं आणि तिथे दुकानातला साइज हवा होता. साइज लिहून चौथ्यांदा पाठवला तेव्हा उत्तर आलं की पहिली यादी १५ डिसेंबरला बंद झाली, आता पुढची यादी महिनाअखेरीस.

मी पाच वेळा फोन केला. पाचव्या वेळी माझा आवाज चढला. फोनवरच्या बाईंचा दोष नव्हता, नियम काही त्यांनी केले नव्हते, हे मलाही कळत होतं. पण बाहेर पारा शून्याखाली आणि तुम्ही मला सांगताय की प्रक्रिया सुरू आहे?

त्या दिवसांत मला आमच्या प्राथमिक शाळेतल्या बाई सारख्या आठवायच्या. पावसाळ्यात कुणी नखशिखांत भिजून आलं की त्या काही न विचारता ऑफिसातून गोणपाट काढायच्या, एक कोपरा दुसऱ्यात खोचून त्याची खोळ करायच्या आणि जाताना त्या मुलाच्या डोक्यावर घालायच्या. कुणाचा बाप काय कमावतो हे त्यांनी कधी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, पहिल्याच दिवशी विकत का नाही घेतली? शेजारच्या वर्गातली शिक्षिकाही तेच म्हणाली होती. आधीच्या दोन हिवाळ्यांत मी चार मुलांसाठी घेतल्याही होत्या. पण मला वाटायचं, निधी याच मुलांसाठी आहे, आपण अर्ज केलेच नाहीत तर गरज नाही असं धरलं जाईल. हे आजही मला पटतं. फक्त या वाट बघण्यात डांबरावर मी उभी नव्हते, तो उभा होता. हे लक्षात यायला मला जानेवारीचा मध्य उजाडला. मधे दोन दिवस नर्सकडचा जादा जोड त्याला मिळाला, पण तो सगळ्या शाळेत एकच, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला लागला. म्हणून सांगते, आधी कपडे मिळवा आणि मग अर्जासाठी हवं तेवढं भांडा.

एका शनिवारी थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात गेले. निळी स्नोपँट ९ डॉलरला मिळाली, बूट ६ डॉलरला. जायला-यायला धरून चाळीस मिनिटं. घरी धुतली, आतल्या पट्टीवर पक्क्या मार्करने नाव घातलं. (नाव घालाच. बावीसपैकी पंधरा स्नोपँट काळ्या असतात.) सोमवारी त्याला दिली तर त्याने ती तिथेच चढवली.

आणि त्याच सोमवारपासून सलग पाच दिवस मुलांना बाहेर सोडता आलं नाही.

आमच्या शाळेत वाऱ्यासकट जाणवणारं तापमान शून्य फॅरनहाइटच्या खाली गेलं की रिसेस आत. शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सियस. नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका. पारा शून्यावर असताना ताशी १५ मैलांचा वारा सुटला तर अंगाला ते उणे १९ फॅरनहाइट लागतं, आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. त्या आठवड्यात तर पाराच शून्याच्याही खाली होता.

पाच दिवस पहिलीची मुलं आत कोंडून ठेवायची म्हणजे पुरेशी तयारी हवी. माझा सगळ्यात हुकमी प्रयोग बरणीचा. पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी बाहेरून काठोकाठ बर्फ भरून आणायची, न दाबता. प्रत्येकाने चिकटपट्टीवर नाव लिहून पाणी कुठवर येईल तिथे ती लावायची. जवळपास सगळ्यांच्या पट्ट्या वरच असतात. जेवणानंतर बघायचं तर तळाशी दोन बोटं पाणी! ढोबळ हिशेब दहाला एक असा, दहा इंच बर्फाचं साधारण एक इंच पाणी. कडक थंडीतल्या भुसभुशीत बर्फाचं त्याहून कमी, मार्चमधल्या ओल्या बर्फाचं जास्त. म्हणून हा प्रयोग मी वर्षातून तीनदा करते आणि तिन्ही रेघा भिंतीवर शेजारी शेजारी काढते. ते पाणी कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. कागदावर उरलेला करडा गाळ एकदा पाहिला की मुलं बर्फ खायचं सोडतात. मी वर्षभर ओरडून जे झालं नव्हतं ते एका फिल्टरने झालं.

कागदाच्या हिमकण्या सगळेच करतात, पण बहुतेकांच्या आठ टोकांच्या होतात, कारण कागद अर्ध्याचा अर्धा, परत अर्धा असा दुमडला जातो. खऱ्या कणीला सहा बाजू. एकदा अर्धा दुमडा, मग त्या अर्ध्याचे तीन सारखे भाग करा, की सहा होतात. त्याआधी मी मुलांना व्हर्माँटमधल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटलीची गोष्ट सांगते. साधा शेतकरी. १८८५ साली त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमकणीचा फोटो काढला आणि मग आयुष्यभरात पाच हजारांवर फोटो काढले. खरी कणी बघायची असेल तर काळा कागद आणि भिंग दोन्ही आधी अर्धा तास बाहेर ठेवा. गरम कागदावर कणी टेकता टेकता विरघळते.

त्या आठवड्यात मी आणखी एक केलं. काळ्या कार्डपेपरवर खडूने एकाआड एक सरकते ठिपके काढले, आपल्या षटकोनी रांगोळीला काढतो तसे, आणि चिमटीत बारीक मीठ घेऊन ठिपके जोडून दाखवले. अंगठा आणि पहिल्या बोटामधून मीठ कसं सोडायचं हे मुलं तासभर घोटत बसली. वर्गातली वात्रट जोडगोळीसुद्धा. आईने मला अंगणात बसवून शिकवलेली गोष्ट मी मिनेसोटात शिकवत होते, आणि विषय होता सममिती. मला फार बरं वाटलं.

तो मुलगा या पाचही दिवसांत स्नोपँट घालूनच बसला. वाचताना, गणितं करताना, गालिच्यावर गोष्ट ऐकताना. चालला की सळसळ व्हायची. गरम होईल, काढ म्हटलं तर मान हलवून नाही. मी आग्रह केला नाही.

ओले मिटन्स रेडिएटरवर कोंबू नका, बाहेरून सुकतात आणि आत ओलेच राहतात. वर्गात दोरी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी टांगा. आणि कपाटात जादा हातमोज्यांचे डझनभर जोड ठेवा.

निधीचं व्हाउचर आलं २० फेब्रुवारीला. मी ते परत केलं नाही. त्याच्या आईला बरोबर घेऊन दोन साइज मोठी पँट आणि बूट घेतले, ते या हिवाळ्यात त्याला बरोबर बसताहेत. या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या पालकसभेलाच मी उत्पन्नाचा फॉर्म, चालू वर्षाची स्पॅनिश प्रत आणि मोजपट्टी घेऊन दाराशी बसले. कमरेपासून घोट्यापर्यंतचं माप आणि बुटाचा नंबर, दोन्ही तिथेच लिहून घेतले. तुम्हीही सप्टेंबरातच घ्या, बर्फ पडल्यावर नव्हे. पाच अर्ज गेले आणि पाचही पहिल्या यादीत लागले.

तर, त्या पाच दिवसांनंतरच्या सोमवारी वारा पडला, ऊन आलं, आणि आम्ही बाहेर निघालो. डांबराच्या कडेशी तो थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जा. तो धावला नाही. सावकाश एक पाय टाकला, गुडघ्यापर्यंत आत गेला, मग दुसरा. थोडं पुढे जाऊन पाठीवर पसरला आणि आकाशाकडे बघत तसाच पडून राहिला. शिट्टी झाल्यावर मला तीन हाका माराव्या लागल्या. वर्गात आल्यावर त्याने स्नोपँटच्या दोन्ही खिशांतला बर्फ मुठीमुठीने काढून खिडकीतल्या रिकाम्या बरणीत भरला, चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलं आणि तळापासून बरोबर दोन बोटांवर ती लावली.