पाण्याच्या वाटेनं पुणं

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा घरात प्रत्येकाची मागणी वेगळी होती. धाकट्याला वाघ बघायचा होता, थोरलीला मेट्रोत बसायचं होतं, ह्यांना शनिवारवाडा आणि मिसळ. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाल्या, "त्या पेशव्यानं कात्रजहून शहरात पाणी आणलं होतं म्हणतात. ते कसं आणलं, तेवढं मला दाखवा."

आम्ही लातूरचे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. थोरली तेव्हा नुकती चालायला लागली होती. आई रात्र रात्र घागरी रांगेला लावून टँकरची वाट बघत बसायच्या. एखाद्या गावाला गेलं की तिथलं पाणी कुठून येतं, हे त्या आधी विचारतात. ह्या वेळी आम्ही सगळी सहलच त्यांच्या प्रश्नावर आखली आणि पुणं ह्या वाटेनं बघायला मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे.

ह्यांच्या भाच्याचा धायरीत फ्लॅट आहे, मुक्काम तिथेच होता. पहाटे स्टेशनवर उतरून त्याच्याकडे पोचलो, आंघोळी उरकल्या आणि पहिली फेरी कात्रजची केली. कात्रजला तळं आणि प्राणिसंग्रहालय शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे आजी आणि नातू दोघांचंही काम एका जागी होतं. (बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं, लेकरं बरोबर असतील तर हे आधी लक्षात ठेवा.) धाकट्याला वाघ दिसला, तोही चालताना. मग त्याचं दुसऱ्या कशाकडे लक्षच नव्हतं.

आई मात्र तळ्याच्या काठावर उभ्या होत्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, इथे आंबिल ओढ्याचं पाणी बांध घालून अडवलं आणि जमिनीखालून दगडी बांधणीच्या बंद नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पंप नाही, मोट नाही. कात्रज उंचावर आणि शहर सखल, त्या उतारावरच पाणी वाहत जायचं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते, म्हणजे हवा खेळावी, गाळ खाली बसावा आणि नळ साफ करता यावा अशी तोंडं. भाच्यानं हे सगळं मोबाइलवर नकाशा काढून समजावून सांगितलं. आईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग शहरात ते भरायचं कुणी आणि कुठून?" भाच्याकडे उत्तर होतं: पेठांमध्ये हौद बांधले होते, नळाचं पाणी त्यांत पडायचं आणि लोक तिथून भरून न्यायचे. आज सदाशिव पेठ हौद, फडके हौद अशा नावांचे चौक आहेत, रिक्षावाले ह्याच नावांनी पत्ता सांगतात.

दुपारी सारसबाग. थोरलीनं फलकावर 'तळ्यातला गणपती' वाचलं आणि तळं कुठंय म्हणून मागे लागली. आपण आता तळ्यातच उभे आहोत, असं ह्यांनी सांगितलं तेव्हा तिनं खाली हिरवळीकडे बघितलं. पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून मोठं तळं केलं होतं, मध्ये बेट राखून त्यावर बाग केली होती आणि गणपती त्या बेटावरचा. तळं पुढे बुजवलं, बेटाभोवती बाग झाली. देवळाभोवती आता कमळांचं छोटं पाणी आहे, त्यात कासवं शोधण्यात धाकट्याचा तास गेला. ओढा मात्र आपली वाट विसरलेला नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ह्याच आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत माणसं गेली, घरं गेली. भाचा त्या वेळी सहकारनगरला राहायचा. त्या रात्रीच्या गाड्यांचा खच तो अजून विसरलेला नाही.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत. रुंद आणि बसक्या आहेत, पण गुडघे दुखत असतील तर संध्याकाळी ऊन उतरल्यावरच चढा, आम्ही तसंच केलं. पानिपतानंतर काही महिन्यांतच, जून १७६१ मध्ये, नानासाहेब इथेच वारले. वरून सगळं पुणं दिसतं. आईंनी कात्रजचे डोंगर कुठे, शनिवारवाडा कुठे, असं विचारत हातानं हवेतच रेघ ओढली. नळ कसा उतरला असेल हे त्यांना तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रो. थोरलीचा हा दिवस होता, म्हणून तिकिटं तिलाच काढू दिली. डेक्कनला बसलो. सिव्हिल कोर्ट स्थानकात गाडी बदलायची असते आणि तिथे सरकत्या जिन्यांवरून खाली उतरतच राहावं लागतं, फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे. तिथून कसबा पेठेकडे जाताना गाडी मुठा नदीच्या पात्राखालून जाते. खिडकीबाहेर अंधाराशिवाय काही दिसत नाही, पण डोक्यावर नदी आहे म्हटल्यावर दोन्ही लेकरं छताकडे बघत बसली. डब्यातल्या एक काकू आमच्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "माझी नातपण असंच वर बघते."

कसबा गणपतीचं दर्शन घेतलं, लालमहाल बाहेरून बघितला आणि शनिवारवाड्यात शिरलो. दिल्ली दरवाज्याचे अणकुचीदार खिळे धाकट्यानं हात वर करून जमेल तितके मोजले. बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतलं लाकडी बांधकाम जळून गेलं. उरली ती जोती, तटबंदी आणि बुरूज. लोक नारायणरावांच्या खुनाची जागा विचारत फिरत होते. आम्ही हजारी कारंजं शोधलं. कमळाच्या आकाराचं, पाकळ्या पाकळ्यांचं ते दगडी काम आम्ही गेलो तेव्हा कोरडं होतं. आई खाली बसल्या आणि एका पाकळीच्या कडेवरून बोट फिरवलं. दगड गुळगुळीत झालेला, पाणी उडायची बारीक भोकं मातीनं बुजत आलेली. "एवढ्या लांबून आणायचं आणि उडवायचं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण गावालाही दिलं, ते चांगलं केलं."

गावाला म्हणजे नेमकं कुणाला, हे मला आईंना दाखवायचं होतं. म्हणून तिथून आम्ही गंज पेठेत महात्मा फुले वाड्यावर गेलो. शनिवारवाड्यावर जेवढी गर्दी, तेवढीच इथे शांतता. कौलारू, बैठं, ओसरीचं घर, अंगणात तुळशी वृंदावनाजवळ जोतिरावांची समाधी. आणि हौद. हौदाचं पाणी उपसायचा हक्क सगळ्यांना नव्हता, अस्पृश्य मानलेल्या माणसांना पेठेतल्या पाणवठ्यावर हात लावू देत नसत. १८६८ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. म्हणजे उतारावरून पाणी आणायचं अवघड काम होऊन शंभर वर्षं उलटली होती आणि तरी ते चार पावलांवरच्या माणसापर्यंत पोचलं नव्हतं. माझ्या मते पुण्यात येऊन ही जागा न बघता परत जाणं बरोबर नाही. थोरलीला शाळेत सावित्रीबाईंचा धडा झालेला आहे. तो तिनं आजीला तिथल्या तिथे, उभ्या उभ्या सांगितला, १८४८ च्या मुलींच्या शाळेसकट. ती शाळा जिथे भरली तो भिडे वाडा आता पाडला आहे, तिथे स्मारक होणार आहे. दगडूशेठ गणपतीला गेलात की समोरच ती जागा आहे.

जेवायला नारायण पेठेत मिसळ. रस्सा आमच्या लातूरच्या मानानं गोडसर, पण पोहे, बटाटा, शेव आणि त्यावर लिंबू, अशी चव जिभेवर बसते. दोनदा रस्सा मागून घेतला. राजा दिनकर केळकर संग्रहालयाला अर्धा दिवस तरी द्या. अडकित्ते, दिवे, वाद्यं, तांब्यापितळेची भांडी, आणि आंघोळीला पाय घासायच्या नक्षीदार वज्र्या, ज्यांच्यापुढे आई बराच वेळ थांबल्या. त्यांच्या माहेरी तशी एक होती. तुळशीबागेत भातुकली घेतली, मस्तानी प्यायलो, त्याचं वेगळं वर्णन करत नाही.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते ओंकारेश्वराचं देऊळ. शनिवार पेठेत, मुठेच्या अगदी काठावर. आत गारवा, बाहेर पायऱ्यांवर पेपर वाचत बसलेले एक आजोबा. आईंनी त्यांच्याशी बोलणं काढलं आणि विषय पानशेतवर गेला. १२ जुलै १९६१. बांधकाम सुरू असलेलं पानशेत धरण सकाळी फुटलं, त्या लोंढ्यानं पुढे खडकवासल्याची भिंत गेली आणि नदी पेठांत शिरली. आजोबा तेव्हा शाळेत होते. घरच्यांबरोबर पर्वतीकडे पळाले. "परत आलो तर घरात गुडघाभर चिखल, आणि चिखलात बापूंची चष्म्याची डबी तेवढी सापडली," ते म्हणाले. हे देऊळही पाण्याखाली गेलं होतं, पण हललं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आई पुढे सरकून बसल्या. धरणच रिकामं झाल्यामुळे पुरानंतर शहरात प्यायला पाणी नव्हतं. नळ कोरडे. त्यांची आई त्यांना कळशी देऊन जुन्या हौदावर पाठवायची.

"रांग असायची?" आईंनी विचारलं.

"असायची तर! पहाटेपासून."

"आमच्याकडं पण," आई म्हणाल्या. मग दोघं रांगेत घागर कशी ओळखून ठेवायची यावर बोलत बसले. चिंधी बांधायची की खूण करायची, मधे घुसणाऱ्याला काय म्हणायचं. मी मुलांना घेऊन नदीकडे गेले. पाणी काळसर होतं, वास येत होता, काठाला प्लास्टिक अडकलं होतं. ज्या शहरानं पाण्यासाठी एवढं केलं त्या शहराची नदी अशी बघताना वाईट वाटतं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

खडकवासला धायरीहून जवळ, म्हणून तो शेवटी ठेवला होता. पाऊस चांगला झालेला, धरण काठोकाठ भरलेलं. इथलं मूळ धरण इंग्रजांनी १८७९ मध्ये पुरं केलं, आणि विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये इथेच पहिल्यांदा बसवले गेले. १९६१ नंतर भिंत पुन्हा बांधली. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ह्या चार धरणांच्या साखळीवर पुणं पितं. रस्त्याच्या कडेला भाजलेली कणसं, कांदाभजी, घोडेवाले, सेल्फी काढणारी पोरं, सगळी जत्रा होती. आईंनी कणीस हातात घेतलं आणि पाण्याकडे तोंड करून कठड्यावर बसल्या. भाच्याला विचारलं, "हे उन्हाळ्यात कुठवर जातं?" तो म्हणाला, "मे महिन्यात त्या दगडांच्या खाली. मग आमच्याकडे पण पाणीकपात लागते." पुण्यातही कपात असते हे आईंना नवीन होतं. मग सोसायटीची टाकी केवढी, बोअर किती खोल, गच्चीवरचं पावसाचं पाणी कुठे जातं, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं आणि धायरीला परतल्यावर भाच्याला घेऊन गच्चीवर जाऊन पन्हाळी बघून आल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटायचंय म्हणाल्या, ते बाहेरगावी होते.

आगाखान पॅलेस आणि मुळा-मुठेचा संगम ह्या वेळी जमला नाही. ते आता मे महिन्यात, खडकवासला खाली गेलेला असताना. आईंना त्या दगडांपर्यंत उतरलेलं पाणीही बघायचं आहे.