चढाला गाडी ओढत नाही: टर्बो उतरवण्याआधी काय काय मोजायचं

खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलाय, तरी गाडी वेग घेत नाही. सपाटीला मात्र सगळं ठीक वाटतं. डिझेल गाडीची ही तक्रार गॅरेजात गेली की लगेच "टर्बो गेला" असं ऐकायला मिळतं. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. कधी तो खरंच गेलेला असतो. पण हीच लक्षणं दाखवणारे निम्मा डझन दोष त्याच्या आधी तपासता येतात, आणि ते टर्बोच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्चात निघतात.

उदाहरण म्हणून १२४८ सीसीचं मल्टिजेट घेऊ. मूळ फियाटचं हे इंजिन रांजणगावला बनायचं, मारुतीसाठी मानेसरला. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आल्यावर भारतात ते बंद झालं, पण जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही जिकडेतिकडे आहे. आपल्या गाडीत ७५ पीएस (ताकदीचं एकक) वालं आहे की ९० पीएसवालं, हे आधी पक्कं करा. दोन्हींचे टर्बो वेगळ्या तऱ्हेने चालतात, आणि पुढे हा फरक फार कामाला येतो.

सुरुवातीला दोष इंजिनातच आहे ना, याची खात्री करा. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगाला पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. आठ-दहा किलोमीटर चालवून थांबल्यावर एखाद्या रिमजवळ हात नेताच बाकीच्यांपेक्षा जास्त धग लागली, तर त्या चाकाचा ब्रेक धरून बसलाय. ॲक्सिलरेटरखाली मॅट अडकलेलं नाही ना, तेही पाहा. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) पेडलचा आकडा शंभर टक्क्यांच्या जवळ पोचला पाहिजे.

मग गाडी नेमकी कधी मरते, ते टिपा. २००० आरपीएमच्या खाली मेलेली आणि नंतर थोडी जागी होते, तर टर्बोचा दाब उशिरा तयार होतोय. ३००० पर्यंत छान ओढते आणि अचानक कुणी मागे खेचल्यासारखी होते, किल्ली बंद करून परत चालू केली की पुन्हा पूर्ववत, तर ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी करणं) टाकली होती. काहीतरी मर्यादेबाहेर गेल्याशिवाय तो असं करत नाही, म्हणून त्याने नोंदवलेला एरर कोड स्कॅनरने वाचा. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी ०२३४ म्हणजे तो जास्त, पी ००८७ म्हणजे रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी सामायिक नळी) डिझेलचा दाब अपुरा. कोडमध्ये लक्षण लिहिलेलं असतं, सुट्या भागाचं नाव नसतं. पी ०२९९ दिसला म्हणून टर्बो मागवणं चुकीचं आहे.

धूरही बोलतो. भरपूर काळा धूर आणि ताकद नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण हवा कमी पडतेय. धूर अजिबात नाही आणि ताकदही नाही, तर डिझेल कमी पडतंय किंवा ईसीयूने ते मुद्दाम कमी केलंय. मात्र हवा कमी दिसली की ईसीयू डिझेलही आवरतं घेतो, त्यामुळे हवेची गळती असूनही धूर दिसेलच असं नाही.

आता मोजणी. २०१३ नंतरच्या गाडीला साधा ब्लूटूथ ओबीडी ॲडॉप्टर आणि मोबाइलवरचं ॲप सहसा पुरतं. त्याआधीची गाडी किंवा ईसीयूने मागितलेला दाब बघायचा असेल, तर गॅरेजचा स्कॅनर लागतो. इंजिन बंद, किल्ली चालू ठेवून मॅप सेन्सरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आकडा बघा. तो बाहेरच्या हवेचा दाब असला पाहिजे: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६-८७. इथेच मोठी तफावत असेल तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग आधी बघा, कारण पुढचे सगळे आकडे त्याच्यावर उभे आहेत.

मग मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून ३५०० पर्यंत न्या. आकड्यांकडे शेजारी बसलेल्याने बघायचं, किंवा ॲपमध्ये रेकॉर्ड करायचं. निरोगी इंजिनात मॅप २०० किलोपास्कलच्या आसपास किंवा वर जातो. तो १२०-१३० ला अडकला तर टर्बो असून नसल्यासारखा. त्याच वेळी रेल प्रेशर बघा. आयडलला (पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) ते २५० ते ३०० बारच्या आसपास असतं, पूर्ण लोडला हजाराच्या बरंच वर जायला हवं. मॅप कमी आणि रेल प्रेशर मागणीबरोबर चालतंय, तर हवेच्या बाजूला शोधा. मॅप ठीक पण रेल मागणीच्या खाली कोसळतंय, तर डिझेलच्या बाजूला. ही एक चाचणी अर्धी गाडी संशयातून बाहेर काढते, तरी बहुतेक ठिकाणी ती केलीच जात नाही याचं वाईट वाटतं.

हवेच्या बाजूचा माझा पहिला संशय टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटणारा) या रबरी होसवर असतो. ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारा पाइप) येणाऱ्या तेलाच्या वाफेने रबर फुगून मऊ होतं आणि वळणावर किंवा क्लिपच्या कडेला चिरतं. ही चीर आयडलला बंद असते, दाब आला की उघडते. म्हणून गाडी उभी असताना नुसतं बघून ती सापडत नाही. होस हाताने वाकवून, खालच्या बाजूने टॉर्च मारून बघा. ताज्या तेलाचा ओला पट्टा दिसला तर तिथेच थांबा. खात्रीसाठी एअर फिल्टरच्या बाजूने टर्बोचं तोंड टोपणाने बंद करा, ब्रीदरचा पाइप काढून त्याचंही तोंड बुजवा, आणि कॉम्प्रेसरने अर्धा बार हवा भरा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. एक बारच्या वर जाऊ नका. चिरलेल्या होसला टेप गुंडाळणं पहिल्या चढापर्यंतच टिकतं, होस नवाच घाला. भोकं पाडलेल्या पट्टीच्या स्वस्त क्लिपा रबर कापतात, त्याऐवजी मूळ स्प्रिंग क्लिप किंवा टी-बोल्टवाली वापरा. इंटरकूलरचे खालचे कोपरेही बघा, खडी लागून तिथे गळती होते.

होस ठीक निघाले तर टर्बोचा ॲक्चुएटर, म्हणजे दांडा हलवून टर्बोचा दाब आवरणारा भाग. ७५ पीएसमध्ये साधा वेस्टगेट, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, असतो. टर्बोचाच दाब त्याला एका बारीक पाइपने मिळतो आणि दाब वाढला की तो उघडतो. हा पाइप निघाला तर वेस्टगेट उघडतच नाही, दाब मर्यादेबाहेर जातो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते. ९० पीएसमध्ये पाती हलणारा टर्बो, व्हीजीटी, असतो आणि त्याचा ॲक्चुएटर व्हॅक्यूमवर (हवा ओढून तयार केलेल्या पोकळीवर) चालतो. तिथे पाइप निघाला तर नेमकं उलट, दाब तयारच होत नाही. पावसाळ्यात बॉनेटखाली शिरलेले उंदीर हे पाइप कुरतडतात, हे लक्षात ठेवा. व्हीजीटीत इंजिन चालू करताच ॲक्चुएटरचा दांडा आत ओढला गेला पाहिजे. नाही ओढला, तर हातपंपाने थेट व्हॅक्यूम द्या. दांडा सरळ, न अडखळता सरकला आणि मिनिटभर तिथेच टिकला तर ॲक्चुएटर चांगला. मग पाइप, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघड-बंद होणारा) किंवा व्हॅक्यूम पंप बघा. अडखळला तर पाती काजळीने धरली आहेत. कायम शहरात, १५०० आरपीएमवर चालणाऱ्या गाडीत हे सहज होतं.

ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला तर हवेच्या जागी धूरच परत आत जातो. हे आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर मास सेन्सरवरून कळतं. एका सिलिंडरची जागा ३१२ सीसी, म्हणजे ८५० आरपीएमच्या आयडलला ईजीआर बंद असताना सेकंदाला साधारण ९ ग्रॅम हवा जायला हवी. पूर्ण दाबाला ३००० आरपीएमवर ६० ग्रॅमच्या वर. स्कॅनरने ईजीआर बंद केल्यावरही आकडा पाच-सहावरच राहिला, तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, एअर फिल्टर तुंबलाय किंवा सेन्सर मळलाय. सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेनेच धुवा. कार्ब्युरेटर क्लीनर वापरू नका.

डिझेलच्या बाजूला फिल्टरपासून सुरू करा. खालच्या बोल्टमधून १०० मिली डिझेल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा, पाणी तळाला बसतं. पाणी निघालं तर पूर्ण काढून फिल्टर बदला. चमचमणारे धातूचे कण दिसले तर गाडी चालवणं तिथेच थांबवा: हाय प्रेशर पंप झिजतोय आणि ते कण इंजेक्टरपर्यंत जातात. फिल्टर ते पंप या पाइपमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला तर हवेचे बुडबुडे दिसतात. बुडबुडे म्हणजे ओढण्याच्या बाजूला गळती.

तरीही रेल प्रेशर पडतंय तर इंजेक्टरची रिटर्न चाचणी, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल मोजणं. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, गरम इंजिन आयडलला दोन-तीन मिनिटं चालवा. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल जमलं, तर तो इंजेक्टर आतून दाब सोडतोय. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट कधीही ढिला करू नका. २५० बारची धार कातडी भेदून आत जाते, आणि ती जखम दिसायला लहान असली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते.

सायलेन्सरच्या बाजूने धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला असू शकतो. बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफचा (काजळी अडवणारा फिल्टर) डिफरन्शिअल प्रेशर, म्हणजे त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, बघावा, तो आयडलला जवळपास शून्य हवा.

एवढं सगळं स्वच्छ निघालं की मग टर्बोचा इनलेट पाइप काढा. शाफ्ट आडवा किंचित हलला तर चालतं, तेलाची जागा तेवढी असतेच. पण पुढे-मागे जाणवेल इतका हलला, किंवा पात्यांच्या टोकांनी हाउसिंग घासलेलं दिसलं, तर टर्बो खरंच गेला. बदलताना तेलाचा फीड पाइप नवा घ्या, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल धुऊन काढा. जुन्या फीड पाइपमधला कार्बन नव्या टर्बोचं तेल अडवतो आणि तोही तसाच जातो.

दुरुस्ती काहीही केली असो, कोड पुसून त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा रेकॉर्ड करा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघा. गॅरेजवाल्याला पैसे देण्याआधी.