इस्कर्योत नव्हे, दुसरा

प्लंबरचा फोन सापडेना. बेसिनखालून त्याचा आवाज आला, "मॅडम, एक रिंग द्या ना." मी दिली. वॉशिंग मशीनवरच्या टॉवेलाखाली काहीतरी गुरगुरलं. टॉवेल उचलला, तर पडद्यावर मी: लीकेज मॅडम.

रागावण्यात अर्थ नव्हता. माझ्या फोनमध्ये तो सहा वर्षं 'प्लंबर नवा' आहे. जुना केव्हाच गावी निघून गेला, तरी हा नवाच. शिवाय माझ्याकडे तीन गणेश आहेत: 'गणेश गॅस', 'गणेश रिक्षा' आणि 'गणेश तो नव्हे'. हा तिसरा कोण, ते आता मलाच आठवत नाही. पुसून टाकायचा धीर होत नाही, न जाणो तोच असायचा.

'तो नव्हे' ही युक्ती मात्र माझी नाही, बायबलात येशूचं चरित्र लिहिणाऱ्या योहानाची आहे. येशूच्या बारा शिष्यांत यहूदा नावाचे दोघे. एक इस्कर्योत, पैशांची थैली सांभाळणारा, पुढे येशूला धरून देणारा. दुसरा अगदी मुकाट माणूस. चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, चाळा, त्याचं एकच वाक्य सापडतं, तेही शेवटच्या भोजनाच्या रात्री विचारलेला एक प्रश्न. बिचाऱ्याने तोंड उघडलं रे उघडलं, की योहान लगबगीने सांगतो, इस्कर्योत नव्हे हं! इस्कर्योत तर एव्हाना पंगतीतून उठून अंधारात गेलेलासुद्धा होता. पण हा 'नव्हे' तो नव्हेच राहिला, दोन हजार वर्षं.

आम्ही मूळचे नगरचे. दर रविवारी सकाळी शब्बाथशाळा, तेल लावून चापून बसवलेले केस, मुठीत दानाचं नाणं. आमच्या मराठी बायबलात 'नासरेथकर येशू' होता, वधस्तंभ उचलायला लावलेला 'कुरेनेकर' शिमोन होता आणि स्वतःची कबर देणारा 'अरिमथाईकर' योसेफ होता. वर्गात माझ्या शेजारी एक शेवगावकर बसायची, मागे एक संगमनेरकर. त्यामुळे ही सगळी मंडळी आपल्याकडचीच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पाथर्डीच्या एसटीत मी एकदा पप्पांना विचारलं होतं, की अरिमथाई पाथर्डीच्या अलीकडे लागतं की पलीकडे. पप्पा हसले नाहीत. "बरंच पलीकडे," म्हणाले.

पुढे कधीतरी शब्बाथशाळेच्या बाईंनी सांगितलं, की ती आडनावं नव्हेत, तेव्हा आडनावं नव्हतीच मुळी. मला येशूची काळजी वाटली. मग हजेरी कशी घेत असतील? बाई म्हणाल्या, बापाच्या नावाने. हिब्रूत 'बेन' म्हणजे मुलगा, अरामीत 'बर'. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, 'शिमोन बर-योना' म्हणतो तो असा. बर्थलमय हा तलमयाचा. यरीहोच्या रस्त्यावर बसणारा आंधळा बार्तीमय तीमयाचा, आणि शुभवर्तमान लिहिणारा मार्क तर 'तीमयाचा मुलगा बार्तीमय' असं लिहितो, म्हणजे एकच गोष्ट दोनदा. बापाचं नाव दोनदा आलं, त्याचं स्वतःचं एकदाही नाही. आणि येशूऐवजी सोडून दिलेला कैदी बरब्बा? बर-अब्बा, बापाचा मुलगा! म्हणजे कोणीही.

खरी पंचाईत शिमोनांची. त्या काळी हे नाव गल्लोगल्ली. नव्या करारातले नऊ तर मी एका उपदेशाच्या वेळी बोटांवर मोजले होते (उपदेश लांबला होता). आणि यापो नावाच्या गावात एका घरात दोन शिमोन एकदम राहत होते. पेत्र तिथे पाहुणा म्हणून उतरला होता, आणि यजमान होता कातडी कमावणारा शिमोन. इकडे कैसरीयात कर्नेल्य नावाच्या रोमी शतपतीला देवदूत दिसतो आणि सांगतो, पेत्राला बोलावून घे. आता देवदूतच तो, पत्ता एका शब्दात द्यायला हरकत नव्हती. पण तोही आपल्यासारखाच: पेत्र म्हणतात तो शिमोन, तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाकडे उतरलाय, त्याचं घर समुद्राकडेला. 'लाल गेट, कुत्रं असेल पण चावत नाही' एवढंच राहिलं. माणसं विचारत विचारत दाराशी येतात आणि बाहेरूनच हाक घालतात, पेत्र म्हणतात तो शिमोन इथेच राहतो का? समुद्राकडेला घर का, ते वेगळं सांगायला नको. कातडी भिजत घातली की नाकाला पदर लावावा लागतो. अशा माणसाला वस्तीत कोण राहू देणार? म्हणजे धंदा त्याच्या नावात आला आणि धंद्याचा वास त्याच्या पत्त्यात.

बेथानीचा शिमोन तर 'कुष्ठरोगी शिमोन'. त्याच्या घरी येशू जेवायला बसलाय, म्हणजे माणूस बरा झालेला असणार, एरवी त्याच्या पंगतीला कोण बसलं असतं? रोग गेला, नाव राहिलं. (माझं बेसिन आता गळत नाही.) त्याच जेवणाच्या वेळी एक बाई येते, कुपी फोडते आणि जटामांसीचं महागडं सुगंधी तेल येशूच्या मस्तकावर ओतते. जिथे जिथे सुवार्ता सांगतील, तिथे तिथे हिची आठवण म्हणून हिने केलेलं हे सांगतील, असं येशू म्हणतो. हे सगळं मार्क नीट लिहून ठेवतो. फक्त बाईचं नाव लिहायचं राहतं.

बायकांचं हे असंच. पेत्राची सासू तापातून उठते, उठते ती वाढायलाच लागते, नाव नाही. मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या वंशावळीत दावीद राजाची बायको बथशेबा 'उरीयाची बायको' म्हणून येते. उलटा प्रकार मला एकच आवडतो, दावीदच्या बहिणीचा, सरूवेचा. तिची तीन मुलं, यवाब, अबीशय आणि असाएल, कायम 'सरूवेचे पुत्र'. दावीद त्यांच्यावर चिडतो तेव्हाही आईचंच नाव घेऊन चिडतो. बापाचं नाव बायबलात कुठेच नाही. काय बाई असेल!

आता ठाण्यात आमच्या शेजारच्या मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू आहेत. इथलं त्यांचं सिनेगॉग १८७९ सालचं. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आडनाव विचारणारं कोणी नव्हतं, तेव्हा सुट्टीच्या वारावरून ओळख. घरात सॅम्युएलचा सामाजी झाला, अब्राहमचा आबाजी. आणि पुढे रोह्याचे ते रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर. हे मावशींनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पप्पांना फोन करणार होते, की अरिमथाईकर सापडले, अलिबागच्या बाजूला.

पण सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, वाचायला बोलावतात तेव्हा 'कर' बाहेर, चपलांपाशी. तिथे अमका बेन तमका, एवढंच. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची असली की मात्र बापाचं नाव चालत नाही, आईचं लागतं. हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं. मम्मी दवाखान्यात होती, मी डबा घेऊन निघाले होते आणि मावशींनी दारातच थांबवलं.

"आईचं नाव सांग, शनिवारी घेते. आणि तिच्या आईचं."

मम्मीचं सांगितलं. पुढे आजीचं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आजी शाळेत शिकवायची, तिला सगळे 'बाई' म्हणत. पोरं, शेजारीपाजारी, पाळकसाहेब, स्वतः आजोबासुद्धा. मीही बाईच म्हणायचे. मावशी थांबून राहिल्या, लिफ्ट येऊन गेली.

मी मामाला फोन लावला. "बाईंचं नाव काय रे, मामा?"

मामा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "थांब हं. कपाटातलं बायबल काढतो. पहिल्या पानावर लिहिलेलं असेल."