पोर्तो कोर्सिनी कुठलं टर्मिनल?

रविवारी दुपारी फोन वाजला तेव्हा व्हेनिसमध्ये सकाळचे अकरा वीस झाले होते. पाहुणे जिथे असतील तिथली वेळ मी टेबलावरच्या दुसऱ्या घड्याळात लावून ठेवते, म्हणून हे नेमकं आठवतंय. फोनवर माझ्या गिऱ्हाइकांचा, म्हणजे काका-काकूंचा मुलगा होता, मागे गर्दीचा आवाज. "मॅडम, पटकन एक विचारायचं होतं. जहाजाच्या ॲपमध्ये पोर्तो कोर्सिनी दाखवतंय. हे कुठलं टर्मिनल? हॉटेलपासून किती लांब?"

माझ्या पोटात गोळा आला. पोर्तो कोर्सिनी हे व्हेनिसचं टर्मिनल नाहीच. ते राव्हेन्नाचं बंदर, व्हेनिसहून रस्त्यानं जवळजवळ दीडशे किलोमीटर. जहाज संध्याकाळी पाचला सुटणार होतं आणि चेक-इनचं काउंटर साडेतीनला बंद होणार होतं. त्या क्षणी हे चौघं डोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाच्या राजवाड्याबाहेर साडेअकराच्या रांगेत उभे होते. सामान हॉटेलवर होतं आणि काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

क्रूझआधीचे दोन-तीन दिवस आखून देणं हे माझं रोजचं काम. लोकांना वाटतं, हॉटेल बुक केलं, विमानतळावरून गाडी सांगितली की झालं. बंदराच्या जुन्या शहरात असं भागत नाही, आणि व्हेनिसमध्ये तर मुळीच नाही. गाडी पियात्साले रोमापर्यंत येते, तिथे रस्ता संपतो. पुढे पाणी आणि पूल, आणि पुलांना पायऱ्या. म्हणून मी व्हेनिसचं हॉटेल निवडताना आधी पूल मोजते, तारे नंतर बघते. वापोरेत्तोच्या, म्हणजे पाण्यावरच्या बसच्या थांब्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत किती पूल? काकांसाठी उत्तर शून्यच हवं होतं. सान झाक्कारियाच्या थांब्याजवळ असं हॉटेल सापडलं. त्याच्या मागच्या बाजूला कालव्यावर उघडणारं दारही होतं, वॉटर टॅक्सी थेट तिथे लागते. त्या दारासाठी मी खोलीमागे जास्त पैसे घ्यायला लावले. मुलगा कुरकुरला होता.

पत्त्याचीही अशीच गोष्ट. तिथे घरांचे नंबर रस्त्यांप्रमाणे नसतात. शहराचे सहा भाग आहेत आणि प्रत्येक भागात एकच आकडा वळणावळणानं चालत राहतो. त्यातल्या कास्तेल्लो भागात तो सहा हजारांच्या वर जातो. नुसता नंबर हातात देऊन पाहुण्यांना पाठवणं म्हणजे त्यांना चक्रव्यूहात सोडणं. मी प्रत्येक वळणाचा फोटो आणि पुलाचं नाव लिहून देते. वापोरेत्तोचं 75 मिनिटांचं साधं तिकीट साडेनऊ युरोंचं असतं, त्यापेक्षा 48 तासांचा 35 युरोंचा पास परवडतो, हेही त्यांना आधीच सांगितलेलं असतं. काही ठरावीक दिवशी व्हेनिस दिवसाच्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतं. रात्री मुक्कामाला असणाऱ्यांना ते माफ आहे, पण माफीचा क्यूआर कोड आपणच काढावा लागतो. तो मी काढून दिला होता. आमच्या धंद्यातले कितीतरी जण पाहुण्यांना मेस्त्रेत, म्हणजे पुलाअलीकडच्या मुख्य भूमीवर उतरवतात आणि व्हाउचरवर व्हेनिस लिहितात. मला ते पटत नाही. माणूस आयुष्यात एकदा जातो. सकाळी खिडकी उघडल्यावर त्याला पाणी दिसलं पाहिजे.

काकू इतिहासाच्या शिक्षिका. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण पहिल्या भेटीत वही घेऊन आल्या होत्या. गेटो, म्हणजे ज्यूंची वेगळी वस्ती, 1516. रिआल्तोचा पूल, 1591. लाझारेत्तो वेक्यो, 1423, जिथे प्लेगच्या रोग्यांना वेगळं ठेवायचे. आणि सगळ्यांत वर, दोनदा अधोरेखित: डोजेचा राजवाडा, महामंडळाचं, म्हणजे तिथल्या सरदारांच्या सभेचं दालन. मी विचारलं, तिथलं चित्रकार तिंतोरेत्तोचं चित्र बघायचंय का? म्हणाल्या, "तेही बघेन गं. पण 12 मे 1797ला त्या दालनात मतदान घेऊन त्यांनी आपलं राज्य स्वतःच बरखास्त केलं. नेपोलियन दारात उभा होता. हजार वर्षांचं प्रजासत्ताक. मी तीस वर्षं हे फळ्यावर लिहिलं, जागा कधी बघितली नाही."

म्हणून राजवाडा रविवारी सकाळी ठेवला. शनिवारी प्रवासाचा शीण असतो. रविवारी सकाळी सान मार्कोचं मोठं चर्च, बॅसिलिका, पर्यटकांना बंद असते, म्हणून ते शनिवारी उरकून घेतलं. रविवारी निवांत राजवाडा, मग जेवण, मग जहाज. आखणी म्हणून मला ती आजही सुंदर वाटते. फक्त ती ज्या जहाजासाठी होती, ते जहाज त्या शहरात येणारच नव्हतं.

हे कसं झालं, तेही सांगते. क्रूझ मुलानं स्वतः ऑनलाइन बुक केली होती, माझ्याकडे आले ते फक्त आधीचे दोन दिवस. असं हल्ली सर्रास होतं. तिकीट एकीकडे, मुक्काम दुसरीकडे, व्हिसा तिसरीकडे, आणि तिन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून बघणारं कुणीच नाही. मी कन्फर्मेशन मागितलं होतं. त्यानं व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला. जहाजाचं नाव, तारीख, केबिन, आणि बंदर: व्हेनिस. चित्र तिथेच कापलेलं होतं. मूळ कागदावर पुढे कंसात राव्हेन्ना लिहिलेलं होतं. मुलानं ते वाचलं होतं, पण त्याला वाटलं, टर्मिनलचं नाव असेल. आपल्याकडे नाही का स्टेशनाला एक नाव आणि टर्मिनसला दुसरं.

1 ऑगस्ट 2021पासून इटलीनं मोठ्या जहाजांना सान मार्कोसमोरून आणि जुदेक्काच्या कालव्यातून जायला बंदी घातली. 25,000 टनांहून मोठं, 180 मीटरांहून लांब किंवा पाण्यावर 35 मीटरांहून उंच, यातलं एकही लागू झालं तरी प्रवेश नाही. आजची बहुतेक क्रूझ जहाजं यात सापडतात. 2019च्या जूनमध्ये एक प्रचंड जहाज ताबा सुटून त्याच कालव्यात धक्क्यावर आणि उभ्या असलेल्या पर्यटक बोटीवर आदळलं होतं. त्याआधीही कितीतरी वर्षं तिथले लोक रस्त्यावर, पाण्यावर निषेध करत होते. बंदी योग्यच आहे, माझं त्याबद्दल दुमत नाही. लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या शहरासमोरून दहा मजली इमारत सरकवणं हा वेडेपणाच होता. पण त्यानंतर काही जहाजं मार्गेराला लागतात, काही ट्रिएस्तेला, काही राव्हेन्नाला, आणि जाहिरातीत सगळीकडे व्हेनिसच ठळक राहतं. खरं बंदर कंसात. कंसातल्या बारीक अक्षरांवर चार माणसांची सुट्टी टांगून ठेवायची, याचा मला मनापासून राग येतो.

आणि हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच स्वतःला माफ करता येत नाही. कन्फर्मेशन मागितलं, पण पूर्ण कागद येईपर्यंत अडून बसले नाही. कापलेला स्क्रीनशॉट चालवून घेतला.

फोनवर मी इतकंच म्हटलं, "रांगेतून बाहेर या. सामान घ्यायचंय. बंदर लांब आहे, गाडी बघते." दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "आमच्या पुढे फक्त दहा-बारा माणसं आहेत. आत जाऊन अर्ध्या तासात बाहेर येऊ का? आईला फक्त तो एक हॉल बघायचाय."

मी नाही म्हटलं. विचार करायला क्षणभरही थांबले नाही.

आगगाडी बाद होती. राव्हेन्नासाठी बोलोन्या किंवा फेर्राराला बदलावी लागते आणि पुढे स्टेशनापासून बंदर वेगळं. कंपनीच्या बस होत्या, पण आधी नाव नोंदवलेल्यांसाठी. राहिली गाडी. मेस्त्रेतल्या आमच्या ग्राउंड हँडलर, म्हणजे तिथली व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी रविवार असूनही दुसऱ्या रिंगला फोन उचलला. अशी माणसं जोडायला वर्षं लागतात आणि ती बिलात कुठेच दिसत नाहीत. गाडी साडेबारापर्यंत पियात्साले रोमाला येईल म्हणाल्या. मग आमचा वाद झाला तो रस्त्यावरून. मी म्हणत होते, हायवेनं पादोव्हा, फेर्रारा करत जा, लांब पडलं तरी चालेल. किनाऱ्यालगतचा रोमेआ रस्ता मी एका मंगळवारी केलेला आहे. येणारी एक लेन, जाणारी एक लेन आणि पुढे न संपणारी मालट्रकची रांग. ओव्हरटेक करायची हिंमत होत नाही. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज रविवार आहे." इटलीत साडेसात टनांवरच्या मालट्रकना रविवारी दिवसा रस्त्यावर यायला मनाई असते. समुद्रावर जाणारे सकाळीच पोचलेले असतात आणि संध्याकाळी परततात. मधली दुपार रोमेआ मोकळा असतो. हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

वॉटर टॅक्सी हॉटेलच्या मागच्या दाराला बारा वाजता लागली. हॉटेलातून निघताना काकांना एकही पायरी चढावी लागली नाही. ज्या दारासाठी मुलगा कुरकुरला होता त्याच दारानं आमची पंधरा-वीस मिनिटं वाचवली. टॅक्सी जुदेक्काच्या कालव्यातून गेली. जहाजं पूर्वी जायची तो हाच मार्ग.

त्याआधी, राजवाड्यापासून हॉटेलला येताना पाल्याचा पूल लागतो. तिथून उसाशांचा पूल समोर दिसतो, कैद्यांना राजवाड्यातून तुरुंगात नेण्यासाठी बांधलेला, दोन बारीक जाळीच्या खिडक्यांचा. मुलानं नंतर सांगितलं, आई तिथे कठड्याला हात टेकून उभी राहिली. कुणीतरी "चल" म्हटलं, तर म्हणाल्या, "आतून बाहेर बघायचं होतं." मग गुपचूप चालू लागल्या. काकांचा हात धरून, कारण त्या पुलाला पायऱ्या आहेत.

गाडी बारा चाळीसला निघाली. मी चिओज्जा, मग पो नदीचा पूल, मग कोमाक्यो असं नकाशावर त्यांच्या ठिपक्याबरोबर सरकत होते. तीनला दहा मिनिटं असताना मेसेज आला: "पोचलो! काउंटरवर गर्दीसुद्धा नाही. थँक्यू मॅडम!" सोबत फोटो. काका व्हीलचेअरवर हसताहेत, काकू मागे उभ्या, हातात ती वही.

मी घड्याळाकडे पाहिलं. काउंटर बंद व्हायला चाळीस मिनिटं होती.

चाळीस मिनिटं. काकूंना फक्त अर्धा तास हवा होता. त्या क्षणी मला मोकळा रोमेआ माहीत नव्हता, गाडी मिळेल की नाही तेही माहीत नव्हतं, आणि एक टायर पंक्चर झाला असता तर ही चाळीस मिनिटं तिथेच संपली असती. ओळखीच्या चार-पाच एजंटांना विचारलं, सगळे म्हणाले, बरोबर केलंस. पुन्हा तोच फोन आला तर पुन्हा नाहीच म्हणेन. पण नाही म्हणण्याआधी निदान एक मिनिट थांबून हिशोब करीन. त्या दिवशी मी हिशोब केला नव्हता, घाबरले होते. सध्या कुणाचीही प्री-क्रूझ फाइल उघडली की पहिली ओळ लिहिते: जहाजाची शिडी कुठल्या धक्क्याला लागणार. पूर्ण पीडीएफ आल्याशिवाय हॉटेलचा विषयही काढत नाही. दोन गिऱ्हाइकं यावरून वैतागून गेलीसुद्धा.

सात रात्रींनी जहाज राव्हेन्नालाच परतलं. त्यांचं विमान व्हेनिसहून दुपारी होतं, म्हणजे राजवाड्याला जाणं शक्य नव्हतं. मधे तासभर निघत होता. मी गाडी सान व्हिताले चर्चवरून वळवली. 547मध्ये पवित्र केलेली वास्तू, सान मार्कोच्या आजच्या इमारतीहून पाचशे वर्षं जुनी. एका भिंतीवर सम्राट जस्टिनियन, समोर थिओडोरा, सगळं काचेच्या आणि सोन्याच्या तुकड्यांत. दार उघडल्याबरोबर ते आत होते. काकूंनी स्वतः फोन केला, एरवी मुलगाच करतो. "अगं, रंग काल लावल्यासारखे आहेत. दीड हजार वर्षं. वहीत हे नव्हतंच." बराच वेळ बोलत होत्या. मीही खूश होऊन ऐकत होते. शेवटी म्हणाल्या, "ते दालन मात्र राहिलं बघ." आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मुलगा दोनदा विचारून झाला, वॉटर टॅक्सीचे आणि त्या गाडीचे किती झाले ते पाठवा. कागदावर राव्हेन्ना लिहिलेलं होतं आणि तो कागद त्याच्याकडे होता, म्हणजे पैसे त्याचेच. कागद पूर्ण न बघता आखणी मी केली, म्हणजे पैसे माझे. निम्मे-निम्मे करावेत असं एकदा ठरवलंही. बिल तयार आहे, तारीख जूनची आहे, रकमेचा रकाना अजून रिकामा आहे.